मागची गाडी

ओदिल फार्ज सत्तावन्न वर्षांची झाली त्या वर्षी तिने जूनमध्ये बहिणीच्या घरी सायकलवरून जायचं ठरवलं, आणि ही बातमी पावाच्या दुकानातून चर्चच्या पायरीपर्यंत पोचायला आमच्या गावाला एक सकाळ पुरली. तसं पाहिलं तर त्यात बातमीसारखं काही नव्हतं. सोलांजचं घर मोटारीच्या रस्त्याने बावन्न किलोमीटरवर. तरुण पोरं तेवढं अंतर जेवणाआधी जाऊन येतात. पण ओदिलने शोधून काढलेली वाट चौऱ्याऐंशी किलोमीटरची होती, आणि त्या सगळ्या वाटेवर मोटारी धावतात असा एक फर्लांगही रस्ता नव्हता. शेतांमधल्या चाकोऱ्या, जंगलखात्याच्या खडीच्या वाटा, रूळ उखडल्यावर उरलेला जुन्या रेल्वेचा भराव, गाईंच्या पायवाटा, असं एकेक जोडत तिने ती वाट विणली होती. डांबरी रस्ता फक्त अकरा ठिकाणी आडवा यायचा, आणि तिथे ती सायकलवरून उतरून, दोन्हीकडे पाहून, चालत पलीकडे जाणार होती.

मी आणि ओदिल शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं एकत्र काम करतो. त्यामुळे तिला काय झालं होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी बाजारातून परत येताना तिला एका मोटारीने उडवलं आणि मोटार थांबली नाही. दुधाच्या टँकरवाल्याला ती चरात पडलेली सापडली. अकरा महिने ती इस्पितळात आणि मग चालायला शिकवणाऱ्या दवाखान्यात होती. डाव्या मांडीत अजून सळई आहे. पोलिसांनी मोटारीचा रंग विचारला, तिला सांगता आला नाही. तिला एवढंच आठवत होतं की ती गाडी कितीतरी वेळ तिच्या मागे होती. रस्ता सरळ होता, रिकामा होता, समोरून काही येत नव्हतं, ओलांडून जायला अर्धा रस्ता मोकळा होता. तरी ती मागेच राहिली, एकसारखं अंतर ठेवून, एकसारखा आवाज करत. पोलिसाने विचारलं, बाई, एवढा वेळ मागे होती तर तुम्ही एकदा वळून का नाही पाहिलंत? ओदिल म्हणते, तिच्या मोडलेल्या हाडांपेक्षा तो प्रश्न बरा व्हायला जास्त दिवस लागले.

तेव्हापासून ती मोटारीत बसली नाही. गावात चालत हिंडायची; मागून गाडीचा आवाज आला की कुणाच्या तरी दारात शिरून ती जाईपर्यंत उभी राहायची. लोकांनी आधी कीव केली, मग थट्टा केली, मग दोन्ही सोडून दिलं. सोलांज तिकडे डोंगरात शेळ्या पाळते, चीज करते. सकाळ-संध्याकाळ धारा काढणाऱ्या बाईला घर सोडता येत नाही, म्हणून चार वर्षांत ती दोनदाच येऊन गेली. आणि या वर्षी तिने कळप विकला. कॅनडातल्या मुलाकडे कायमची राहायला जाणार असं तिने फेब्रुवारीत फोनवर सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "एकदा तरी ये गं. डोळे मिटून गाडीत बस, वाटल्यास डोक्यावर पोतं घे, पण जायच्या आधी एकदा माझ्या टेबलाशी बसून जेव."

"येईन," ओदिल म्हणाली. "पण माझ्या चाकांवर येईन."

त्या आधीच्या दोन हिवाळ्यांत तिच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले असायचे, आणि तिचा नवरा रोलाँ ताटली मांडीवर घेऊन जेवायचा. रोलाँ निवृत्त गवंडी आहे, हाताने कष्ट आणि तोंडाने टवाळी करणारा. "सूप कुठे ठेवू, बाईसाहेब?" तो विचारायचा. "तळ्यात ठेवू की जंगलात?" पण त्यानेच शहरात जाऊन तिच्यासाठी जाड टायरची, खडीवर न घसरणारी सायकल आणली, आणि चढावर सळईच्या पायाला झेपावं म्हणून मागे मोठ्या दात्यांची चक्री बसवून घेतली. मार्चपासून ओदिल रोज दुपारी भांडी आवरली की निघायची. दहा किलोमीटर, पंधरा, तीस. मेमध्ये एकदा ती पंचावन्न किलोमीटर करून परत आली आणि दुसऱ्या दिवशी कांदे चिरताना एका पायावर उभी होती. मी म्हटलं, बस्स कर आता. ती म्हणाली, "इव्हेत, चार वर्षं बस्सच केलंय."

जूनमधल्या त्या शनिवारी पहाटे सहाला ती निघाली. पिशवीत काळा पाव, चीज, दोन पिकलेली जर्दाळं, ट्यूब बदलायचं सामान आणि सोलांजसाठी तिने स्वतः केलेला हेझलनटचा केक. रोलाँ फाटकापर्यंत आला, टायर दाबून पाहिले, आणि संध्याकाळी पोचलीस की फोन कर एवढंच म्हणाला.

पुढचं सगळं मला ओदिलनेच सांगितलं. ती गोष्टी रंगवून सांगणारी बाई नाही. शाळेत मुलांना किती बटाटे लागले ते जसं सांगते तसंच तिने हे सांगितलं, आणि मीही तसंच सांगते आहे.

पहिले दोन तास इतके सुखाचे गेले की आपण एवढे दिवस कशाला भ्यालो असं तिला वाटत राहिलं. आमच्याकडे जूनमध्ये गवत कमरेएवढं होतं आणि कापणी अजून सुरू झालेली नसते. चाकोरीच्या दोन्ही पट्ट्यांत बारीक ग्रॅनाइटची खडी, मध्ये गवताची वेणी, आणि बाजूच्या दगडी कुंपणांवर नेचे झुकलेले. टायरखाली खडीचा करकर असा बारीक आवाज होत होता आणि दुसरा कसलाच आवाज नव्हता. तांबड्या गाई कुंपणाशी येऊन तिच्याकडे बघत उभ्या राहत, आणि ती पुढे गेली तरी त्या मान वळवून बघतच राहत, ती गेली त्या बाजूला नव्हे, आली त्या बाजूला. हे तिच्या लक्षात आलं होतं, पण गाईंना कुठे बघावं हे कोण सांगणार, म्हणून तिने ते सोडून दिलं.

एकोणीस किलोमीटरवर प्रादो नावाच्या म्हाताऱ्याचं शेत आहे. सरावाच्या दिवसांत ती तिथपर्यंत तीन-चार वेळा आली होती, आणि म्हातारा तिला नळावर बाटली भरू द्यायचा. त्या दिवशी तो अंगणात विळ्याला धार लावत बसला होता. तिची बाटली भरून झाल्यावर त्याने मान वर केली आणि विचारलं, "त्यांना नको का पाणी?"

"कुणाला?"

"गाडीतल्यांना. तुमच्या मागनं आली ती. त्या अक्रोडाशी उभी आहे बघा."

ओदिलने पाहिलं. अक्रोडाचं झाड होतं, त्याच्या सावलीत वाट रिकामी होती. म्हातारा ऐंशीच्या पुढचा. डोळ्यांत मोतीबिंदू असेल, झाडाची सावली त्याला गाडी वाटली असेल. तिने त्याचे आभार मानले. निघताना तो जरासा वैतागूनच म्हणाला की थांबायचं असेल तर इंजिन तरी बंद करावं माणसाने, पेट्रोल काय झाडाला लागतं.

त्या वाक्यावर तिने पायट्यावर ठेवलेला पाय परत खाली घेतला. कारण म्हाताऱ्याचे डोळे गेले असतील, पण कान शाबूत होते. आणि तिला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. चार वर्षं जो आवाज झोपेतही तिच्या पाठीशी असायचा, तो आज सकाळपासून तिला एकदाही आला नव्हता.

तरी ती पुढे गेली. अडतिसाव्या किलोमीटरला जुनी रेल्वे लागते. तिथे वाटेच्या तोंडाशी ग्रॅनाइटचे दोन खांब रोवले आहेत, मध्ये हातभर जागा. सायकल निघते, गाय निघत नाही, मोटारीचं तर नाव नको. खांबांतून आत गेलं की वाट एका खोल खिंडीतून जाते, दोन्हीकडे काळे ओले कडे, वर आभाळाची एक पट्टी. याच जागेसाठी तिने नकाशात नऊ किलोमीटरचा वळसा पत्करला होता. इथे आपल्यामागे काहीही येऊ शकत नाही, असं ती स्वतःला महिनाभर सांगत आली होती.

खिंडीच्या मध्यावर समोरून दोन बायका चालत आल्या. हातात काठ्या, सोबत बुटकं कुत्रं. ओदिलने बोंझूर म्हणून नमस्कार केला. त्यांनी घाईने कुत्र्याला उचललं आणि दोघी कड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. ओदिल पुढे गेली, तशी त्यांतली चष्मेवाली मागून म्हणाली, "बाई, तुमच्या माणसाला जरा सांगा. ही वाट चालणाऱ्यांची आहे."

ओदिल उतरली. मागे वळून बघितलं. ओली खडी, तिच्या चाकाची एकच रेघ, आणि त्या दोघी. तिने शांतपणे विचारलं की तुम्हाला काय दिसतंय ते मला सांगाल का. चष्मेवालीला वाटलं ही आपली थट्टा करते आहे, तिने तोंड फिरवलं. दुसरी वयाने मोठी होती. तिने आधी ओदिलच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मग खिंडीच्या तोंडाकडे.

"गाडी आहे," ती म्हणाली. "त्या कड्याशी थांबलीय. रंग नाही कळत, धुळीने माखलीय. आत कोण आहे तेही दिसत नाही. काचेत नुसतं आभाळ दिसतंय."

इथे दुसरं कुणी असतं तर पुढे पळालं असतं. ओदिलने सायकल वळवली आणि ती गाडी होती म्हणतात त्या बाजूला निघाली. सावकाश, हँडल घट्ट धरून, डोळे समोर रोखून. ती सांगते, मी पोलिसाच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला निघाले होते. दोघी बायकांपाशी ती पोचली तेव्हा मोठीने हळूच तिच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "मागे सरकतेय. तुम्ही जेवढ्या पुढे याल तेवढी मागे जातेय."

ओदिल खिंडीच्या तोंडापर्यंत गेली. खांबांमधली जागा हातभरच होती. तिने तिथे स्वतःचे दोन्ही हात ठेवून पाहिले. मग ती परत फिरली. दोघी बायका तिच्याकडे न बघता खांबांमधून बाहेर पडल्या, आणि पडताना एका बाजूला अंग चोरून गेल्या, जसं कुणी उभ्या गाडीला घासू नये म्हणून जातं.

भरावावरच्या पडक्या स्टेशनाशी तिने घरी फोन लावला. तिला एकच शक्यता सुचत होती, की रोलाँ काळजीपोटी आपली जुनी व्हॅन घेऊन मागे मागे येतो आहे. पण फोन घरचा होता, तारेचा, आणि तो रोलाँनेच उचलला. पाठीमागे रेडिओवर घोड्यांच्या शर्यतीचं वर्णन चालू होतं. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला. मग त्याने विचारलं, मी येऊ का?

"नको. गाडी घेऊन तर मुळीच येऊ नकोस."

"मग परत फीर. अर्ध्यातच आहेस."

"परत फिरले तर ती समोर येते," ओदिल म्हणाली. "त्यापेक्षा मागे आहे ती बरी."

तिने स्टेशनच्या पायरीवर बसून पाव आणि चीज खाल्लं.  पोटात अन्न गेल्यावर तिचं डोकं हिशेबी झालं. तिने स्वतःशी असं मांडलं: चार वर्षं मी जिला भ्याले ती मागे आहे. चांगलं. ती मागे असताना मी वीस किलोमीटर सायकल चालवली आणि अजून दोन्ही चाकांवर आहे. मला सोलांजकडे जायचं आहे. ती जर माझ्या मागे यायचीच असेल, तर येऊ दे. वाट मी ठरवलेली आहे, तिने नव्हे. आणि तिने दोन्ही जर्दाळं खाल्ली, बिया खिशात टाकल्या आणि उठली.

त्यापुढचे सतरा किलोमीटर तिच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण होते, असं ती म्हणते. चढ होता, ऊन वर आलं होतं, पिवळ्या फुलांच्या झुडपांमधून वाट पांढरी होऊन वर जात होती आणि सळईचा पाय प्रत्येक फेऱ्याला आतून खरवडल्यासारखा दुखत होता. ती वळून बघत नव्हती. वाटेत भेटणाऱ्या माणसांकडेही बघत नव्हती, कारण माणसांचे डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे जायचे. लाकडं रचणाऱ्या एका माणसाने तिला वाट देण्यासाठी ओंडके बाजूला सारले, सायकलला लागले असते त्याहून दोन हात जास्त. ती त्याला मानेनेच धन्यवाद देऊन गेली. ती फक्त मोजत होती, शंभर फेरे झाले की पुन्हा एकपासून.

पंचावन्न किलोमीटरवर नदी आहे, आणि नदीवर माणसांसाठी बांधलेला पूल. लोखंडी तारांवर टांगलेल्या फळ्या, रुंदी एवढी की समोरून कुणी आलं तर एकाला मागे व्हावं लागतं. ओदिलने सायकल हातात धरून तो पार केला. फळ्या तिच्या पावलांनी हलत होत्या. ती अर्ध्यावर थांबली. फळ्या हलायच्या थांबल्या. मागून दुसरं कसलंच वजन पुलावर नव्हतं, हे तिला तळपायांनी कळलं.

पलीकडच्या काठावर एक माणूस घडीच्या खुर्चीवर गळ टाकून बसला होता, तोंड पुलाकडे. पन्नाशीचा, डोक्यावर कॅनव्हासची टोपी, गुडघ्यावर जेवणाचा डबा उघडा. त्याने तिला येताना पाहिलं होतं. ओदिल त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एखाद्याने वेळ विचारावी तसं तिने विचारलं, "माझ्या मागे कुणी आहे का?"

त्याने प्रश्नाचं नवल केलं नाही. डबा खाली ठेवला, तिच्या खांद्यावरून पुलाकडे पाहिलं, पुलापलीकडच्या उतारावर पाहिलं, दोन्हीकडे सावकाश पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

ओदिलने सायकल गवतात आडवी केली आणि ती तिथेच खाली बसली. तिला रडू येत होतं की हसू हे तिला कळेना. तिने तोंडावरून पाणी ओतून घेतलं. तो माणूस पुन्हा गळाकडे बघू लागला होता. बऱ्याच वेळाने, काहीतरी बोलायचं म्हणून बोलावं तसं, तो म्हणाला, "ती मघाशीच पुढे गेली."

"कोण?"

"गाडी. तुम्ही पुलावर थांबला होतात ना मध्येच, तेव्हा. तुम्हाला ओलांडून गेली." त्याने गळाच्या काठीनेच चढाकडे खूण केली. "चांगली हळू चालवत होता. तुम्ही अंगसुद्धा चोरलं नाहीत."

पुढे एकोणतीस किलोमीटर उरले होते. मागे पंचावन्न.  ओदिलने सायकल उभी केली, साखळी जागेवर आहे का पाहिलं, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि चढ चढायला लागली. समोर असेल तर समोर. सोलांजचं घर त्याच बाजूला होतं.

आणि मग चढ लागलाच नाही. म्हणजे चढ होता. नकाशावर तिने तिथे लाल पेन्सिलीने तीन रेघा मारल्या होत्या, आणि इथे उतरून ढकलावं लागेल असं लिहिलं होतं. पण सायकल वर जात राहिली. पायांना जोर द्यावा लागत नव्हता, नुसता स्पर्श केला तरी पुरत होतं. मांडीतलं दुखणं थांबलं होतं. कधी थांबलं ते तिला सांगता येत नाही. पुलानंतर केव्हातरी तिच्या लक्षात आलं की ते नाही. भीतीही नव्हती. दोन्ही बाजूंची झाडं संथ मागे सरकत होती, वारा तोंडावर न येता बाजूंनी जात होता, आणि तिच्या आत एक प्रकारची गुणगुण भरली होती, बारीक, एकसारखी, समाधानाची. वाटेत कुणी भेटलं नाही. उरलेले चार डांबरी रस्ते तिने ओलांडले, पण उतरून ओलांडले की नाही हे तिला आठवत नाही.

सोलांजने तिला संध्याकाळी सहाला धरलं होतं. ओदिल चारला दहा मिनिटं असताना फाटकात उभी होती. सोलांज पिशव्या बांधत होती, हातातली दोरी टाकून धावत आली. दोघी बहिणी अंगणातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि चार वर्षं जे बोलून झालं नव्हतं ते त्या वेळी बोलायची गरज उरली नाही. मग सोलांजने तिला हातभर दूर धरून न्याहाळलं. "चौऱ्याऐंशी किलोमीटर?" ती म्हणाली. "आणि तुला घामसुद्धा नाही, सटवे? खरं सांग, कुणी आणून सोडलं?"

ओदिल हसली. सोलांजही हसली. तिने बहिणीचे हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाली की हात मात्र तव्यासारखे तापलेत.

तिथले दोन दिवस चांगले गेले. पिठाच्या पारीत भाजलेली बटाट्याची पाई, शेवटच्या शेळीच्या दुधाचं शेवटचं चीज, आणि ओदिलचा केक, जो प्रवासात जराही मोडला नव्हता. रविवारी दोघी रिकाम्या गोठ्यात दाराच्या उंबऱ्यावर बसून आईच्या बटाट्याच्या पाईमध्ये लसूण होती की नव्हती यावर दुपारभर भांडल्या. रोलाँचा फोन आला तेव्हा ओदिलने त्याला सांगितलं की नीट पोचले, आता काही नाही, परतही तशीच येईन. रविवारी रात्री पाऊस पडला, चांगला तासभर. सोमवारी सकाळी सोलांजने तिच्या पिशवीत पाव बांधून दिला, फाटकाशी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपण परत भेटू असं काही म्हणाली नाही. त्या दोघींना खोटं बोलायची सवय नाही.

परतीची वाट ओदिलला माहेरच्या अंगणासारखी वाटली. खडी धुऊन निघाली होती. पुलाशी गळवाला नव्हता. खिंडीत कुणी नव्हतं. तिला कुणी काही विचारलं नाही, कुणाचे डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे गेले नाहीत, आणि तिला आपण जिंकलो असं वाटलं. मला हे सांगताना तिने टेबलावर मूठ आपटली, एकदाच, हळू. "इव्हेत, मी जिंकले गं," ती म्हणाली.

मग तिने पुढचा बटाटा सोलायला घेतला आणि म्हणाली की एक बाई मात्र भेटली होती.

घरापासून बारा-तेरा किलोमीटरवर, जिथे वाट दोन कुंपणांमधून अरुंद होत जाते, तिथे समोर एक सायकलवाली होती. तिशीची असावी, सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेल्या, निळा शर्ट, गळ्याला रुमाल. आपल्यासारखीच कुणी मोटारींना टाळून हिंडणारी, असं वाटून ओदिलला बरं वाटलं. तिला ओलांडून जायला जागा नव्हती. ओदिलने घंटा वाजवली. बाईचे खांदे आक्रसल्यासारखे वर झाले, पण ती वळली नाही. तिने वेग वाढवला. ओदिलला वाटलं घाईत असेल. तिला घाबरवायला नको म्हणून ओदिलने जवळ जायचं टाळलं. वाट रुंद होईपर्यंत ती मागेच राहिली, एकसारखं अंतर ठेवून, बराच वेळ.

"मला काही घाई नव्हती," ओदिल म्हणाली. "मी अगदी हळू चालवत होते."

शेवटी त्या बाईनेच सायकल सोडली. अंगाला लागली की आग होते त्या झुडपांत ती उघड्या पायांनी शिरली, सायकल तशीच ओढून घेतली आणि कुंपणाला टेकून उभी राहिली. ओदिल तिच्याजवळून गेली, हसून बोंझूर म्हणाली.  बाई ओदिलच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. त्याच्या जरा वर, काचेत उमटलेलं आभाळ बघावं तसं बघत होती.

वळणावर ओदिलने मागे पाहिलं. बाई अजून त्या झुडपांत उभी होती. गळ्यातला रुमाल तिने नाकातोंडावर दाबून धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती चेहऱ्यासमोरची धूळ वारत होती.

"धूळ कुठली असायला?" ओदिल मला म्हणाली आणि बटाट्यांकडे वळली. "रात्री पाऊस पडून गेला होता."